विहिरीवर रेंज नाही

सूर्यमाळच्या खालच्या अंगाला, साजणमेट गावाच्या वर, एक काळा सपाट खडक आहे. त्याला सगळे रेंजचा दगड म्हणतात. सरकारी कागदावर या भागात मोबाईल सेवा पोचली आहे, आणि ते खोटं नाही. पोचली आहे ती या दगडापर्यंत. दगडावरून खाली उतरलं की फोन म्हणजे नुसती विजेरी. म्हणून संध्याकाळ झाली की पाड्यापाड्यांवरची माणसं इथे येऊन बसतात. कुणाचा मुलगा भिवंडीला वीटभट्टीवर, कुणाची सून वसईला, कुणाचा भाऊ ठाण्यात बांधकामावर. दिवाळीनंतर गेलेली माणसं पावसाच्या तोंडावर परत येईपर्यंत त्यांची खुशाली कळते ती इथेच. आणि इथे एक रीत पडून गेली आहे. एकजण फोनवर बोलायला लागला की बाकीचे त्याच्याकडे पाठ करून बसतात. ऐकू तर सगळ्यांनाच येतं, पण ऐकलं असं कुणी कधी दाखवत नाही.

प्रगती भोये या दगडावरची रोजची. मूळची जव्हार तालुक्यातल्या साखरशेतची, भात-नाचणीच्या घरातली, आणि साजणमेट पोलीस ठाण्यात शिपाई. इतक्या वर्षांच्या नोकरीत तिच्या वाट्याला काय आलं होतं? यात्रेचा बंदोबस्त, बायकांची झडती, पंचनाम्याला टेपचं एक टोक धरणं, आणि साहेबांकडे पाहुणे आले की "भोये, जरा चहाचं बघा." ठाण्यात चार पुरुष रिकामे बसलेले असले तरी चहाचं भोयेनेच बघायचं. तिला या चहाचा मनस्वी कंटाळा आला होता. जिल्ह्याच्या ठिकाणी गुन्हे विश्लेषणाचा कक्ष आहे, तिथे संगणकावर बसून गुन्ह्यांचा माग काढतात, आणि त्यासाठी शिकलेली माणसं हवी आहेत, असं तिच्या कानावर आलं. तिने एका विद्यापीठाच्या ऑनलाइन पदविकेला नाव घातलं. ठाण्यातल्या इंटरनेटवर शिकायला साहेबांची परवानगी नव्हती, ते 'शासकीय कामासाठी' होतं. त्यावर क्रिकेट बघणं हे शासकीय काम असावं, कारण ते रोज चालायचं.

म्हणून ती वर्दी बदलून, जुना लॅपटॉप पाठीवर टाकून दगडावर यायची. पहिल्या दिवशी तिला पाहून माणसं गप्प झाली. पोलीस म्हटल्यावर कुणाच्या घशातून शब्द निघणार? पण लॅपटॉपमधून इंग्रजी-हिंदी मिसळून बोलणारे सर, आणि मान खाली घालून लिहिणारी ही बाई, हे दोन-चार दिवस बघितल्यावर म्हाताऱ्या गंगीनेच हुकूम काढला, "बायला सपाट जागा द्या रं. ती शिकते." तेव्हापासून दगडाचा मधला सपाट भाग प्रगतीचा झाला. तिचा वर्ग चालू असला की सगळे तिच्याकडेही पाठ करून बसायचे. तिला त्याचं फार बरं वाटायचं.

मार्च महिन्यात पाड्याच्या विहिरीवरची सौर पॅनेलं चोरीला गेली.

ही विहीर दगडाच्या खाली, ओहोळाच्या खळग्यात आहे. पाणी वर चढवायला योजनेतून पॅनेलं बसवली, मोटर सोडली, पाड्यावर टाकी उभी केली. उद्घाटनाला एवढे हार आले होते की शेळ्यांना दोन दिवस दुसरा चारा लागला नाही. कशीबशी एका उन्हाळ्याची सुरुवात झाली, बायकांच्या डोक्यावरचे हंडे उतरले, आणि एका सकाळी बघतात तो काय, नुसते लोखंडी सांगाडे उभे. पॅनेलं नाहीत, मोटर नाही, तांब्याची वायरसुद्धा ओढून नेलेली. बायका पुन्हा खालच्या झऱ्यावर वाटीवाटीने पाणी भरायला जाऊन बसल्या. पेपरात फोटो आला, ठाण्याच्या लँडलाइनवर वरून फोन खणखणले, आणि ठाण्याचे प्रमुख सहायक निरीक्षक जगदाळे यांची झोप उडाली. पाड्याची तहान त्यांना आधीपासून ठाऊक होती, तिने त्यांची झोप कधी उडाली नव्हती.

जगदाळे साहेबांनी त्या भागातल्या टॉवरची माहिती मागवली. चोरीच्या रात्री कोणकोणते फोन कोणत्या टॉवरला लागले होते, त्याची ही लांबलचक यादी असते. नुसते नंबर, वेळा आणि टॉवरचे सांकेतिक आकडे. साहेबांनी ती संगणकावर उघडली, दोनदा वरखाली केली आणि हाक मारली.

"भोये, तुमचा तो कोर्स कुठवर आला?"

"प्रकल्प राहिलाय सर. एक खरं प्रकरण घेऊन करायचाय."

"मग हे घ्या खरं प्रकरण. आज चहा दुसरा कुणी करील."

प्रगतीला अस्मान ठेंगणं झालं. ठाण्यातल्या संगणकासमोर, साहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर ती दिवसभर बसली. शिकवलेलं सगळं तिने लावलं. वेळेप्रमाणे नंबर मांडले, रंग दिले, आलेख काढले. अभ्यासात एक पायरी होती, गोंगाट काढून टाकण्याची. जे फोन त्या भागात असणारच, ज्यांच्यावर संशयाचं कारण नाही, ते आधी वगळायचे म्हणजे उरलेले उठून दिसतात. कोणते वगळायचे, असं तिने विचारलं.

"सोपं आहे," साहेब म्हणाले. "आपल्या स्टाफचे काढा. शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेविका, सरपंच. योजनेच्या कंत्राटदाराची माणसं, त्यांचे नंबर माझ्याकडे आहेत. सगळी ओळखीची, जबाबदार माणसं काढून टाका. मग राहतो तो चोर."

प्रगतीने काढून टाकली. त्यात तिचा स्वतःचा नंबरही होता, कारण त्या संध्याकाळी तिचा वर्ग होता. स्वतःच्या हाताने स्वतःचा नंबर वगळला, तरी तिच्या डोक्यात उजेड पडला नाही. कसा पडणार? पहिल्यांदाच कुणीतरी तिला चहाऐवजी अक्कल मागितली होती, आणि कौतुकाची धुंदी दारूपेक्षा वाईट.

गोंगाट गेल्यावर मोजके नंबर उरले. त्यातला एक संध्याकाळपासून मध्यरात्रीनंतरपर्यंत त्याच टॉवरला चिकटून होता. पुन्हा पुन्हा एकाच नंबरला फोन, आणि मग एकदम बंद. तो बंद झाल्यापासून पहाटेपर्यंतच चोरी झाली असावी, असा पंचनाम्याचा अंदाज होता. प्रगतीने त्या नंबरभोवती लाल गोल काढला.

"वा," जगदाळे म्हणाले. "साथीदाराशी बोलला, आणि काम सुरू करताना फोन बंद केला. सराईत आहे." त्यांनी आलेख लगोलग जिल्ह्याला पाठवला. तिथल्या साहेबांचा उलट फोन आला, ही मुलगी कोण म्हणून. कक्षातल्या जागेसाठी तिचं नाव पुढे करायचं ठरलं. त्या दिवशी प्रगतीने साखरशेतला आईला फोन करून सांगितलं की बहुतेक पालघरला बदली होईल. आई म्हणाली, "बदली म्हंजे बढतीच ना गं?" आणि प्रगतीने हो म्हणून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तिला खोडाळ्याच्या बाजाराचा बंदोबस्त होता. दुपारी परत आली तेव्हा ठाण्याच्या पडवीत, भिंतीला टेकून, एक माणूस उकिडवा बसला होता. त्याचा डावा गाल सुजला होता.

तो लक्ष्या होता. पाड्याच्या कडेला कातकऱ्यांची थोडी घरं आहेत, त्यातला. शेत नाही, मिळेल त्या मजुरीवर जगणारा, पडेल आवाजाचा माणूस. या हंगामात पाय दुखावला म्हणून भट्टीवर गेला नव्हता. प्रगती त्याला दगडावरून ओळखत होती. त्याचा नंबर काय आहे, हे तिला कधी कळायचं कारण पडलं नव्हतं.

"हाच तो," हवालदार ठोमरे अभिमानाने म्हणाले. "तुमच्या लाल गोलातला. फार कष्ट नाही पडले. दोन ठेवून दिल्या, कबूल झाला."

प्रगती त्याच्यासमोर खाली बसली.

"लक्ष्यादादा, तुम्ही पॅनेलं चोरली?"

"नाय."

"मग हो का म्हणालात?"

"ते इचारीत व्हते," लक्ष्या म्हणाला. "नाय बोललां का मारीत. हां बोललां ना थांबले."

"त्या रात्री दगडावर काय करत होतात?"

त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू हे तिला ठाऊक असायला हवं होतं. त्याला उत्तर द्यायची वेळच आली नाही. फाटकापाशी त्याची बायको जिवली उभी होती, पाड्यावरून उन्हाची चालत आलेली. ती आत यायला घाबरत होती, पण प्रगतीला बघून आली.

"बाय, तुम्ही व्हताव ना तठं," ती म्हणाली. "आमच्या सुकरीला कळा लागल्या व्हत्या. भिवंडीला, भट्टीवर. पयला फोन आला तवा तुम्ही तठंच व्हताव, शिकीत. सांगा ना सायबाला."

प्रगती होतीच तिथे. वर्ग संपत आला होता, लॅपटॉप मिटायचा होता. लक्ष्या फोनमध्ये विचारत होता, गाडी भेटली का, दवाखान्यात घेतली का, मुकादम पैसं देतो का. प्रगतीने इतरांसारखी त्याच्याकडे पाठ केली होती आणि सगळं ऐकलं होतं. ती खोलीवर निघून गेली. लक्ष्या मात्र हलला नाही. दगडावरून उतरला तर फोन लागणार नव्हता, म्हणून पोरीच्या बाळंतपणाची बातमी येईपर्यंत तो दगडावर बसून राहिला. जावयाला पुन्हा पुन्हा फोन करत राहिला, फोनमधलं चार्जिंग संपेपर्यंत. संपल्यावर फोन बंद पडला. झाला सराईत गुन्हेगार.

तिला स्वतःचा असा संताप आला की ठाण्यात बसवेना. ती उठली आणि तशीच वर्दीत विहिरीवर गेली. रिकाम्या सांगाड्यांमध्ये उभी राहून तिने फोन बाहेर काढला. रेंज नाही. विहिरीच्या काठावर चढली, नाही. टाकीकडे जाणाऱ्या नळाच्या बाजूने गेली, ओहोळात उतरली, हात उंच करून उभी राहिली. कुठेच नाही. असणार कशी? चारी बाजूंनी डोंगर, आणि ही जागा खळग्यात. पाड्यातलं शेंबडं पोरही सांगेल की विहिरीवर फोन लागत नाही. हे प्रगतीला ठाऊक होतं. रोज दगड चढणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसून कसं चालेल? पण संगणकासमोर बसल्यावर तिने आपल्याच डोळ्यांपेक्षा टॉवरच्या आकड्यावर जास्त भरवसा टाकला होता.

म्हणजे झालं होतं ते असं. त्या रात्री जो कुणी विहिरीवर आला, त्याचा फोन यादीत येणं शक्यच नव्हतं. यादीत आले होते ते दगडावर बसून आपल्या माणसांची खुशाली विचारणारे. चोराला सोडून सगळ्यांची नावं आली होती. आणि त्या सगळ्यांतून शिकलेले, पगारी, ओळखीचे वगळून टाकल्यावर खाली जो उरणार तो कातकरीच उरणार, याला कोर्स कशाला लागतो? हे तर या तालुक्यात कोर्सशिवायही वर्षानुवर्षं चालत आलेलं आहे. गावात कोंबडी हरवली तरी पहिली काठी कातकरी वस्तीत पडते. प्रगतीने तेच केलं होतं, फक्त रंगीत आलेख काढून.

ठाण्यात परत येऊन तिने कुणाला न विचारता संगणक उघडला आणि मूळ यादी घेतली. या वेळी एकही नंबर वगळला नाही. थांबलेले फोन बाजूला ठेवून तिने चालते फोन शोधले. चोरीचा माल डोक्यावरून जात नाही, त्याला गाडी लागते, आणि गाडीला रस्ता लागतो. पाड्यावरून निघणारा रस्ता घाटाच्या एका वळणावर दगडाच्या समोर येतो, तिथे क्षणभर रेंज मिळते. पहाटे तिथे एका फोनला एक मेसेज येऊन पडला होता, तेवढाच. थोड्या वेळाने तोच फोन खोडाळ्याच्या टॉवरवर, आणि मग नाशिकच्या दिशेने. नंबर काल साहेबांनी वगळायला दिलेल्यांपैकीच होता. योजनेच्या कंत्राटदाराच्या सुपरवायझरचा. बसवणारेच उचलून नेणारे. कुंपणच शेत खात होतं आणि पोलिसांनी त्या शेताच्या बांधावर बसलेल्याला धरून आणला होता.

जगदाळे साहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मधे दोनदा फोनवर बोलले, पण ऐकलं.

"भोये, तो कंत्राटदाराचा माणूस आहे. कामावर येतो जातो. पहाटे गाडी गेली म्हणजे चोरी केली असं होतं का?"

"नाही होत सर. मग लक्ष्या दगडावर बसला म्हणजे चोरी केली असं कसं होतं?"

"त्याने कबूल केलंय."

"मारल्यावर कबूल केलंय. त्याची मुलगी बाळंत होत होती. मी स्वतः तिथे होते सर, माझा फोन त्याच टॉवरला होता. मीच तो काढून टाकला."

"तुम्ही पोलीस आहात."

"आणि तो कातकरी आहे."

ठोमरे हवालदार दाराआड होते ते सरकले. साहेब रागावले नाहीत. त्यांच्या न रागावण्याचीच प्रगतीला जास्त चीड आली. ते अगदी थोरल्या भावाच्या सुरात म्हणाले, "हे बघा, उद्या त्याला जव्हारच्या कोर्टात उभा करायचाय. रिमांडच्या कागदाला तुमचा आलेख जोडलाय, खाली तुमची सही आहे. आता तुम्हीच तो खोटा म्हणालात तर कक्षातली जागा विसरा. तुमच्या प्रकल्पावर माझा दाखला लागतो ना? एवढ्या डोंगरात चढून-उतरून शिकलात, ते पाण्यात घालवायचं? आणि या लोकांना चार दिवस आत बसायची सवय असते. सुटेल नंतर. त्याचं काय बिघडणार आहे?"

काय बिघडणार आहे. प्रगतीने हे वाक्य त्या रात्री कितीदा मनात फिरवलं असेल. एकदा कागदावर चोर म्हणून चढलेल्या कातकऱ्याचं पुढे काय होतं ते तिने याच ठाण्यात बघितलं होतं. दर सणाला हजेरी. दर चोरीला पहिली उचल. मजुरीला ठेवणारा विचारतो, तू तोच ना? नावाला लागलेलं ते लचांड मरेपर्यंत सुटत नाही. आणि दुसऱ्या पारड्यात होती पालघरची खुर्ची, आईला सांगून टाकलेली बढती, आणि वर्षभर दगडावर डास मारत केलेला अभ्यास. त्या खुर्चीचा मोह तिला नव्हता असं नाही. होता, आणि चांगला घट्ट होता. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण तिने शाळेत पाठ केली होती. फाशीचा दोर आपण वळलेला असेल तर काय करायचं, हे कुठल्या बाईंनी शिकवलं नव्हतं.

सकाळी कोर्टाचे कागद घेऊन जायची पाळी तिचीच लागली. साहेबांनी मुद्दाम लावली असावी. माणूस एकदा पाण्यात उतरला की परत फिरत नाही, असा त्यांचा हिशोब. जीपमध्ये मागे लक्ष्या आणि ठोमरे, पुढे साहेब.

कोर्टात सरकारी वकिलांनी आलेख वर धरला. शास्त्रीय तपास, तांत्रिक पुरावा, आरोपीचं घटनास्थळी अस्तित्व, असे मोठे मोठे शब्द हवेत फिरले. न्यायाधीश बाईंनी आलेख बघितला आणि लक्ष्याला विचारलं, पोलिसांबद्दल काही तक्रार आहे का. लक्ष्या म्हणाला, नाय. विचारलं, तुम्ही त्या रात्री तिथे होता का. लक्ष्या म्हणाला, "हां." खाकी असो की काळा कोट, त्याचं हां ठरलेलं होतं.

प्रगती भिंतीजवळून पुढे आली. आवाज वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

"मॅडम, हा आलेख मी काढलाय. तो चुकीचा आहे."

जगदाळे साहेबांनी मान वळवली. न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला आणि तिला बोलू दिलं. प्रगतीने सांगितलं की विहिरीवर रेंज नाही, तिथे उभा राहिलेला कुठलाही माणूस या यादीत येऊ शकत नाही, कुणालाही पाठवून खात्री करावी. सांगितलं की हा टॉवर दगडावर पकडतो, दगडावर रोज पाड्यातली माणसं बसतात, आणि त्या संध्याकाळी ती स्वतःही बसली होती. "या यादीवरून याला धरायचं असेल तर मलाही धरावं लागेल. माझा नंबर मी काढून टाकला होता. कुणाकुणाचे काढले तेही सांगते," असं म्हणून तिने सांगितलं. कंत्राटदाराच्या माणसाचा नंबर आला तेव्हा सरकारी वकील कागदात डोकं घालून बसले.

पोलीस कोठडी मिळाली नाही. लक्ष्याला जातमुचलक्यावर सोडलं. बाहेर आल्यावर साहेब तिला एवढंच म्हणाले, "तुम्ही बसने या."

पुढचं सगळं कुणीही सांगू शकेल. प्रगतीला कारणे दाखवा नोटीस आली. कक्षात दुसऱ्या कुणाचं नाव गेलं. प्रकल्पावर दाखला मिळाला नाही, म्हणून पदविका लटकली. विद्यापीठाचं म्हणणं, अधिकाऱ्याच्या सहीशिवाय प्रकरण 'खरं' धरता येत नाही. काही दिवसांनी पॅनेलं आणि मोटर घाटात एका मोरीखाली 'बेवारस सापडली'. कुणी ठेवली, कशी ठेवली, कुणी विचारलं नाही. ती परत बसवण्याचं काम त्याच कंत्राटदाराला मिळालं, आणि या वेळच्या उद्घाटनाला जगदाळे साहेबांचाही सत्कार झाला. प्रगतीला तिथे बंदोबस्त होता. आभाराच्या भाषणात 'पोलिसांचा तांत्रिक तपास' असे शब्द आले तेव्हा जोरात थुंकावं असं तिच्या मनात आलं, पण वर्दी अंगावर होती.

हे सगळं तिने गिळलं असतं. नोकरीत गिळायची सवय लागतेच. लक्ष्या तरी सुटला, असं स्वतःला सांगून तिने विद्यापीठाला मोठा अर्ज लिहिला, प्रकल्पाचा विषयच बदलला, 'यादीत कोण येत नाही' असा. आणि त्यासाठी बऱ्याच दिवसांनी ती लॅपटॉप घेऊन दगडावर गेली.

दगडावर कुणी नव्हतं.

तिला वाटलं आपण लवकर आलो. ती बसून राहिली. दिवस मावळला, पाड्यातल्या चुलींचा धूर वर आला, तरी कुणी आलं नाही. गंगी नाही, वसईला सून असलेला सोम्या नाही. उद्घाटन झालं तरी टाकीत पाणी चढलं नव्हतं. खालून पाण्याचे हंडे घेऊन काही बायका गेल्या, त्या दगडाला वळसा घालून, जरा लांबच्या वाटेने. त्यांत जिवली होती. प्रगतीने हाक मारली.

"जिवलीबाय, लोक येत नाहीत का आता?"

जिवली थांबली, हंडा खाली ठेवला. "कोण यील? फोन केला का पोलीस धरतात. आमच्या पाड्यात तं पोरांनी कार्डं काढून टाकली."

"अगं, तसं नाही. कोर्टाने सोडलं ना लक्ष्यादादांना."

"सोडला. पण धरला व्हता ना."

प्रगतीने विचारलं, सुकरीला काय झालं. जिवलीला माहीत नव्हतं. लक्ष्याचा फोन मुद्देमाल म्हणून ठाण्यातल्या कपाटात सीलबंद पडला होता, आणि भिवंडीहून कुणी आलं नव्हतं. पोरगी बाळंत झाली, एवढं एका टेम्पोवाल्याने सांगितलं होतं. पोरगा की पोरगी, दोघं सुखरूप की नाही, ते त्यालाही माहीत नव्हतं.

प्रगतीने जावयाचा नंबर विचारला नाही. तो तिला पाठ झाला होता, लाल गोलाशेजारी तोच पुन्हा पुन्हा लिहिलेला होता. तिने आपल्या फोनवरून लावला. पलीकडे सुकरीच आली. मागे बारीक रडणं ऐकू येत होतं.

"घ्या, बोला," प्रगतीने फोन पुढे केला.

जिवली दोन पावलं मागे सरली. हात तिने पदराखाली घेतले.

"नको बाय. तुमीच धरा. माझं नाव नको याया त्यांत."

मग प्रगतीने स्पीकर लावला आणि फोन हातात धरून दगडावर उभी राहिली, आणि जिवली खाली वाटेवर, फोनला न शिवता, तिथूनच ओरडून बोलू लागली. पोर कसं हाय, दूध पितं का, तू जेवतीस का. नवऱ्याचं नाव तिने घेतलं नाही.

"आये, लांबून का बोलतीस गं?" सुकरीचा आवाज आला. "बा कुठं हाय? आये, मोठ्यानं बोल, नीट ऐकू येत नाय."

"इथं रेंज नाय गं पोरी," जिवली म्हणाली.